‘आर्गन वेल्डिंग होईल’ : वागळे इस्टेटमधला बिनबोर्डाचा गाळा आणि आमच्या झोपाळ्याच्या कड्या

आधी निकाल सांगून टाकते, ज्यांना एवढं सगळं वाचायला वेळ नाही त्यांच्यासाठी. बारीक सळ्या, साखळीच्या कड्या, हुक, सळईच्या टोकाचे गोल डोळे असलं नाजूक काम असेल तर ठाण्यात मला तरी यांच्याइतका बरा माणूस सापडलेला नाही. ग्रिल, गेट, पत्र्याची शेड असलं काही असेल तर तिकडे जाऊच नका, ते घेत नाहीत. पाचात साडेचार. अर्धा कशाचा कापला ते पुढे येतंच आहे.

नाव विचारू नका कारण नावच नाहीये. रोड नंबर १६ च्या नाक्यावरून आत वळायचं, लेथवाले आणि स्प्रिंगवाले संपले की एक अर्ध्या शटरचा गाळा, शटरवर लाल ऑइलपेंटने ‘आर्गन वेल्डिंग होईल’ आणि त्याखाली खडूने ‘पितळ विचारून’. बस, एवढाच बोर्ड. एमआयडीसी १९६२ साली झाली आणि त्यांची सुरुवातच या वागळे इस्टेटपासून, आता तिथल्या किती कंपन्यांच्या जागी काचेच्या बिल्डिंगी आणि आयटीवाले आलेत ते आपण बघतोच, पण आतल्या गल्ल्यांमध्ये असे एकेकटे कारागीर अजून टिकून आहेत आणि गुगलवर ते सापडत नाहीत. मला आमच्या सोसायटीच्या प्लंबरने पत्ता दिला. मालक स्वतःच कारागीर, साठीच्या पुढचे, सगळे त्यांना काकाच म्हणतात, मीही तेच लिहिते.

तर काम काय होतं. सासरच्या गावच्या घरातला सागवानी झोपाळा आम्ही ठाण्यात आणला. पाट अजून दगड आहे नुसता, पण त्याच्या कड्या म्हणजे १२ एमएमच्या लोखंडी सळ्या, दोन्ही टोकं वळवून डोळे केलेले आणि मध्ये पितळी गोळे, त्या सगळ्या तिकडच्या उंच आढ्याच्या मापाच्या. फ्लॅटच्या स्लॅबला लावल्या तर पाट फरशीला टेकतो. म्हणजे सळ्या आखूड करायच्या आणि वर हुकापासून थोडी साखळी द्यायची, म्हणजे कुठली कडी हुकात अडकवायची त्यावर उंची कमीजास्त करता येते, सासूबाईंना पाय टेकायला हवेत आणि मुलांना टेकायला नकोत असा आमच्याकडे रोजचा वाद आहे.

हे काम आधी घराजवळच्या एका ग्रिलवाल्याला दिलं होतं, नाव घेत नाही. त्याने चारही सळ्या बरोबर मधून कापल्या, टोकाला टोक लावलं आणि वरून वेल्डिंग रॉड फिरवला. साखळी बाजारातली तयार गॅल्व्हनाइज्ड, तिची कडी कापून उघडली, डोळ्यात घातली, ठोकून बंद केली आणि त्याच दहा नंबरच्या रॉडने जोडावर आंब्याच्या कोयीएवढा गोळा बसवून दिला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आपल्याकडे वेल्डिंग रॉडला गेजवरून नंबर म्हणतात, बारा नंबर म्हणजे अडीच एमएम, दहा म्हणजे सव्वातीनच्या आसपास, आठ म्हणजे चार एमएम. ८ एमएमच्या कडीवर दहा नंबर आणि तोही गेटला लावतो त्या करंटवर. वर जस्ताचा मुलामा न घासता वेल्ड केलं, पांढरा धूर गॅलरीभर, आणि जोडात टाचणीच्या टोकाएवढी भोकंच भोकं. जस्त ९०७ डिग्रीला उकळतं आणि लोखंड वितळायला दीड हजाराच्या आसपास लागतात, म्हणजे लोखंड पातळ व्हायच्या आधीच खालून जस्ताची वाफ बुडबुडे काढत बाहेर येते. तो धूर छातीत गेला की रात्री थंडीताप भरतो, वेल्डरलोकांना हा ताप चांगला माहीत असतो आणि दूध प्यायचं आणि झोपायचं असा त्यांचा इलाज असतो, ज्याचा उपयोग काही नाही. मुलामा आधी ग्राइंडरने उडवायचा आणि हवा खेळती ठेवायची, खरा उपाय तो. महिन्याभरात एक कडी कट्ट करून उघडली. नशीब तेव्हा झोपाळ्यावर फक्त उशा होत्या.

ते सगळं पिशवीत भरून काकांकडे नेलं. त्यांनी काही न बोलता एक न तुटलेली कडी वाईसमध्ये धरली आणि हातोडीचा एक फटका दिला. ती पण उघडली. मग मला जवळ बोलावून आत दाखवलं, वरून गोळा जोडलेला आणि आत दोन्ही टोकं कापली तशीच्या तशी, कटरच्या बारीक रेघासुद्धा दिसत होत्या, मध्ये रॉडच्या लेपाची काळी खपली अडकलेली. “ताई, हे वेल्ड नाही, हे झाकण आहे,” म्हणाले. मला तिथेच माणूस पटला.

मग सळ्या हातात घेऊन त्यांचं पहिलं वाक्य, “मधून कापायची काय गरज होती?” त्यांचं म्हणणं असं की ज्या सळईवर माणसं बसणार तिच्या मध्ये जोड आला की सगळं वजन त्या जोडावर. त्यापेक्षा सळई अखंड ठेवायची, टोकाचा डोळा कापून टाकायचा, सळई गरम करून नवा डोळा वळवायचा आणि शेपूट दांड्याला टेकतं तिथे वेल्ड करायचं. मग वजन वळवलेल्या लोखंडावर येतं, वेल्डने फक्त डोळा उघडू द्यायचा नाही एवढंच करायचं. आता आमच्या सळ्या आधीच कापल्या गेलेल्या, पण नशिबाने लांबी कमीच करायची होती, त्यामुळे जोडाच्या एका बाजूचा अखंड तुकडा ठेवून त्यालाच नवे डोळे निघाले, कमी पडलेली उंची साखळीने भरून काढली. म्हणजे आता आमच्या सळ्यांच्या मध्ये एकही जोड नाही. ग्रिलवाल्याच्या हे डोक्यात का आलं नाही माहीत नाही, कदाचित भट्टी पेटवायचा कंटाळा.

कड्यांचं काम मी उभं राहून बघितलं, काकांनी जास्तीचं हेल्मेट दिलं, ते आपोआप काळं होणारं. आर्गन वेल्डिंग म्हणजे टिग, टॉर्चच्या टोकाला टंगस्टनची सुई, तिच्याभोवती आर्गन वायू सुटत राहतो म्हणजे हवा लागत नाही, आणि जोडात वितळवून भरायची फिलर वायर दुसऱ्या हाताने वेगळी द्यायची. खपली नाही, ठिणग्या जवळजवळ नाहीत. पण खरं सांगू का, एका कडीवर टॉर्च चालला असेल मिनिटभर, बाकी सगळा वेळ तयारीत गेला आणि मी पैसे दिले ते त्या तयारीचे असं माझं मत आहे.

मी ३०४ स्टेनलेसच्या ८ एमएम कड्या मागितल्या होत्या, कारण साखळी साखळीवर घासते, रंग निघतो, आणि ठाण्याच्या पावसाळ्यात तिथून गंज उतरून पाटावर आणि कपड्यांवर येतो. (स्टेनलेस घेताना लोहचुंबक लावून खात्री करणारे खूप असतात, पण स्वस्तातलं २०२ पण चुंबकाला साधारण चिकटत नाही, त्यामुळे ३०४ आणि २०२ मधला फरक चुंबकाने कळत नाही. काकांकडे थेंब टाकून बघायचं औषध आहे, त्यांनी माझ्यासमोर टाकून दाखवलं.) सळई त्यांनी एका लांबोळ्या साच्यावर स्प्रिंगसारखी गुंडाळली, मग १ एमएमच्या कटिंग व्हीलने एका बाजूने कापत गेले की सुट्या कड्या पडतात. काप कुठे, तर लांब सरळ बाजूच्या मध्यावर. वळणावर कधीच नाही, कारण वळणावर शेजारची कडी घासते आणि ताण पण तिथेच वाकवतो. कारखान्यातल्या साखळ्यांचा जोड पण सरळ बाजूलाच असतो, तिथे विजेच्या दाबजोडाने करतात, दोन टोकं पकडायची, करंट सोडायचा, लाल झाली की एकमेकांत दाबायची. तुमच्या घरात अशी वेल्डची जाड साखळी असेल तर घेऊन बघा, सरळ बाजूवर बहुतेक एक फुगीर घडी दिसेल.

कापलेल्या कडीची दोन्ही टोकं ग्राइंडरवर दोन्ही बाजूंनी तिरपी केली, छिन्नीच्या धारेसारखी, फक्त मध्ये दीडेक एमएम सपाट ठेवली. मग कडी मिटवायची, पण ओढून नाही, बाजूला पिळून, म्हणजे आकार बिघडत नाही. टोकं एकमेकांना भिडली की तांब्याच्या खाच पाडलेल्या ठोकळ्यावर ठेवली. तांबं का, तर लोखंड-स्टेनलेस त्याला चिकटत नाही आणि उष्णता पटकन ओढून घेतं. एवढ्याशा कडीला उष्णता जायला जागाच नसते, मोठ्या प्लेटवर करंट थोडा जास्त झाला तर खपून जातो, इथे दोन सेकंदांत टोक गळून पडतं. तरी काका करंट कमी ठेवत नाहीत हे मला नवल वाटलं. पातळ स्टीलला एका एमएमला चाळीसेक अँपिअर असा अंदाज असतो, तिरपी टोकं केली की पूर्ण ८ चा हिशोब लागत नाही, त्यांनी ११० च्या आसपास ठेवला आणि पायाच्या पेडलने खेळत राहिले. चट्कन रस काढायचा, वायरचा एक थेंब द्यायचा आणि पाय उचलत यायचं. कमी करंटवर रेंगाळलात तर पूर्ण कडी लाल होते आणि जोड मात्र वरवरचा. आधी एका बाजूला छोटासा टाका मारायचा, मग उलटी करून दुसरी बाजू पूर्ण, परत उलटी करून पहिली बाजू पूर्ण. शेवटी टॉर्च लगेच उचलत नाहीत, करंट हळूहळू उतरवतात नाहीतर शेवटच्या खड्ड्यात बारीक चीर पडते, आणि करंट गेल्यावरही काही सेकंद आर्गन चालू ठेवून तिथेच धरून ठेवतात. जोडाचा रंग फिकट सोनेरी आला. काळपट-राखाडी आला तर समजायचं गॅस नीट मिळाला नाही.

एक गोष्ट मला सगळ्यात आवडली. कड्या एकात एक घालून झाल्यावर अर्थिंगचा चिमटा त्यांनी प्रत्येक वेळी ज्या कडीवर काम चालू आहे तिलाच लावला, टेबलाला नाही आणि साखळीच्या शेवटच्या कडीला तर नाहीच. कारण चिमटा लांब लावला तर करंट सैल कड्यांच्या टेकण्यातून वाट काढत जातो, तिथे तिथे आत ठिणगी पडते आणि नेमका घासायच्या जागी खड्डा होतो. बाहेरून काही कळत नाही. हे मी आता कुठल्याही वेल्डरला आधी विचारणार आहे.

जोडायचा क्रम पण हुशारीचा, निम्म्या कड्या सुट्याच वेल्ड करून टाकल्या, मग दोन बंद कड्यांमध्ये एक उघडी घालून तीन-तीनचे तुकडे, मग दोन तुकड्यांत परत एक उघडी. म्हणजे बरंचसं काम टेबलावर नीट ठेवून होतं, लोंबती साखळी हातात धरून नाही.

आमच्या घरी इंजिनिअर आहे त्यामुळे हिशोब झालाच. ८ एमएमच्या सळईचं तोंड साधारण ५० चौरस एमएम, कडीच्या दोन बाजू म्हणजे १००, ३०४ स्टील चौरस एमएमला २०५ न्यूटनच्या पुढे कायमचं ताणायला लागतं, म्हणजे कागदावर एका साखळीला दोन टन. प्रत्यक्षात कडी त्याच्या आधीच वाकायला लागते, पण चार साखळ्यांवर तीन माणसं, म्हणजे भरपूर आहे. नवरा म्हणाला मग एवढं काय, जोड निम्मा असता तरी चाललं असतं. नाही ना चाललं! झोपाळ्याला वजन एकदा येत नाही, दर झोक्याला येतं-जातं, आणि आतली न जुळलेली फट ही चिरेची सुरुवातच असते, ती रोज थोडी पुढे सरकते. ग्रिलवाल्याची कडी तशीच गेली.

मी तिथे असताना एकजण चेन पुलीची, म्हणजे जड वजन उचलायच्या यंत्राची, साखळी घेऊन आला, एक कडी ताणलेली, म्हणे ती कापून नवी घालून द्या, आत्ता लगेच, साइटवर माणसं थांबलीत. काकांनी कडी उलटीसुलटी केली, त्यावर ८ चा ठसा होता. ग्रेड ८० ची साखळी. ती मिश्र स्टीलची, उष्णतेचे संस्कार करून कडक केलेली असते, ८ एमएमच्या साखळीवर २ टन उचलायची परवानगी असते ती त्याच्याच जोरावर, आणि वेल्ड केलं की त्या कडीचा आणि शेजारच्या भागाचा तो कडकपणा गेला. काकांनी साफ नाही म्हटलं. तो म्हणाला दुप्पट देतो. “माझ्याकडून नको आणि दुसरीकडून पण नको, साखळीच बदला,” एवढं बोलून काका परत माझ्या कडीकडे वळले. तो बडबडत गेला. शेजारच्या कुठल्यातरी गाळ्यात करून घेतलंच असेल म्हणा.

माझ्याकडे अजून एक काम होतं, माहेरचा लामणदिवा, त्याच्या पितळी साखळीच्या दोन कड्या उघडल्यात. पितळेला काका टिग लावत नाहीत. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, विजेच्या कमानीच्या (आर्कच्या) उष्णतेत जस्त वाफ होऊन उडतं, जोड खरखरीत आणि भोकांचा होतो आणि टंगस्टन घाण होतं ते वेगळंच. तिथे गॅसच्या बारीक ज्योतीवर फ्लक्स (जोड स्वच्छ ठेवणारं रसायन) लावून चांदीमिश्रित सळईचा डाग द्यायचा, तो सातशेच्या आसपास वितळतो, पितळ तोपर्यंत शाबूत राहतं. फक्त डाग पांढरट दिसणार हे त्यांनी आधीच सांगितलं, आणि वजन उचलायची गोष्ट असती तर हे केलं नसतं हेही. दिवा अजून त्यांच्याकडेच आहे.

घरी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन घेऊन स्वतः करणारे हल्ली बरेच आहेत, त्यांच्यासाठी विचारून ठेवलं. साध्या लोखंडाची ६-८ एमएमची कडी आर्क वेल्डिंगने होते, पण रॉड २ एमएम किंवा फार तर बारा नंबर, ६०१३ या प्रकारचा, २ एमएमला ५० अँपिअरच्या आसपास आणि बारा नंबरला ७०-८०. टोकं तिरपी करणं सोडायचं नाही. एक बाजू झाली की खपली पूर्ण काढायची, ब्रश मारायचा, मगच दुसरी, नाहीतर तीच खपली आत गाडली जाते. आणि कमान पेटवायची ती बाजूच्या तुकड्यावर, कडीवर रॉड घासून नाही.

आता अर्धा मार्क. काका फोन उचलत नाहीत, उचलला तर “उद्या या” म्हणतात आणि उद्या गेलं की काम तसंच पडलेलं. कच्ची चिठ्ठी मिळते, पक्कं बिल हवं असेल तर कुरकुर. बफिंग करत नाहीत, जोड घासून सपाट करून देतात पण चकाकी हवी तर दुसरा गाळा शोधा. आणि हाताखालचा पोरगा काळा चष्मा लावून शेजारी उभा राहतो, चेहरा उघडा, मी दोनदा बोलले, काका पण ओरडतात म्हणे, पण पोरगा ऐकत नाही. मला वाटतं ज्याचा गाळा त्याने ऐकवायलाच हवं. डोळे एकदा भाजले की रात्रभर उघडता येत नाहीत आणि चेहऱ्याची कातडी सोलते ती वेगळी.

पैसे म्हणाल तर सळईसकट कडीमागे ९० रुपये घेतले, डोळे वळवून वेल्ड करून प्रत्येकी दीडशे. ग्रिलवाल्यापेक्षा महाग आहे, अगदी दीडपट म्हणा ना. घासाघीस करायला गेलात तर काम परत देतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. यूपीआय चालतं.

जाताना शक्यतो जुना तुकडा सोबत न्या, नुसतं माप सांगू नका, ते हातात घेतल्याशिवाय बोलत नाहीत. गाडी नेऊ नका, टेम्पोंमुळे उभी करायला जागा नसते, ठाणे स्टेशनहून शेअर रिक्षा बरी. आणि शुक्रवारी जाऊ नका, इस्टेटची सुट्टी असते, सगळी शटरं बंद.